न हलण्याची नोकरी

लोक नाकावर माशी बसू देत नाहीत. खांबकाकांनी बसू दिली होती. ती नाकाच्या शेंड्यावर बसली, पाय चोळले, डाव्या नाकपुडीपर्यंत फेरफटका मारून आली आणि शेवटी कंटाळून आपणहून उडून गेली. काका हलले नाहीत. चित्रकलेच्या त्या कॉलेजात त्यांच्या नावावर हा एवढाच पराक्रम जमा होता, पण तो नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी असा काही सांगितला जाई, की जणू काकांनी एकट्याने किल्ला लढवला होता.

काका त्या कॉलेजात मॉडेल होते. मॉडेल म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं काहीही काकांपाशी नव्हतं. लांबट चेहरा, बसके गाल, आणि शरीराचा बाकीचा भाग थांबला तरी वाढतच राहिलेले कान. हॉलच्या मधोमध लाकडी चौथरा, चौथऱ्यावर स्टूल, स्टुलावर काका, आणि भोवती बोर्ड टेकवायचे स्टँड घेऊन बसलेले विद्यार्थी. काकांच्या बुटांभोवती खडूची रेघ मारलेली असे. मधल्या सुट्टीत ते चहाला उठले, की परत येऊन पाय बरोब्बर त्या रेघेत ठेवायचे. घरी पायताण कुठे काढलं हे ज्याला कधी आठवलं नाही, तो माणूस चौथऱ्यावर केसभरही चुकत नसे.

अंगात कॉलेजच्या मालकीचा जुना कोट. स्टुलावर आणि चौथऱ्यावर जसा सामानाच्या नोंदवहीतला डेडस्टॉक नंबर रंगवलेला होता, तसाच कोटाच्या आतल्या बाजूलाही होता. दरवर्षी सामानाची मोजणी व्हायची. एका वर्षी नवा कारकून आला. त्याने चौथरा मोजला, स्टूल मोजलं, कोटाची कड उचलून नंबर पाहिला आणि शिपायाला विचारलं, "हा आतल्या पुतळ्यासकट एकच नग धरायचा ना?"

काका हलले नाहीत. बोलावं तर तोंड हललं असतं, आणि त्या वेळी मुलं नेमकी तोंडच काढत होती.

रेखाटनाचे सर त्यांच्यावर खूश असत. सरांचं एक आवडतं वाक्य होतं. "मॉडेल म्हणजे काय? फळांची टोपली! फरक एवढाच, की टोपली चहा मागत नाही." वर्ग हसायचा. काकांना हे कौतुक वाटायचं. आपण टोपलीच्या पंक्तीला बसलो, म्हणजे पायरी चढलो, असा त्यांचा हिशेब होता.

तसं बघितलं तर त्यांचंही फारसं चुकत नव्हतं. माणसाकडे इतकं निरखून जगात दुसरं कोण बघतं? बायको बघत नाही, मुलगा बघत नाही, दाढी करणारासुद्धा आरशात स्वतःकडेच बघत असतो. आणि इथे वीसबावीस तरुण डोळे बारीक करून, पेन्सिल लांब धरून, कानाच्या पाळीचं नाकाशी काय नातं आहे ते शोधत असत. त्यापुढे सगळ्या अंगाला खाज सुटली तरी काय बिघडलं?

घरी वेगळा कारभार. काकू प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. निवृत्ती त्यांना मानवली नाही, म्हणून पुढच्या खोलीत शिकवणी सुरू केली. संध्याकाळी गल्लीतली पोरं सतरंजीवर बसत, भिंतीला फळा, आणि मागे कोपऱ्यातल्या खुर्चीत नुकतेच कॉलेजातून आलेले काका. दिवसभर न हलण्याचं काम करून दमलेला माणूस घरी आल्यावर काय करणार? बसून राहणार.

एका संध्याकाळी सजीव-निर्जीवांचा धडा चालला होता.

"सजीवांची लक्षणं सांगा," बाई म्हणाल्या.

"वाढ होते! श्वास घेतात! हालचाल करतात! चेतनेला प्रतिसाद देतात!" पोरांनी एका सुरात घर डोक्यावर घेतलं.

"प्रतिसाद म्हणजे?"

"टोचलं की ओरडतात!"

"शाब्बास. आता मागे वळून खुर्चीकडे बघा. काय दिसतं?"

"आजोबा!"

"नातं नको सांगू. लक्षणं तपासून सांग. हालचाल?"

"नाही, बाई."

"हाकेला प्रतिसाद?"

एका पोराने खणखणीत आवाजात "आजोबा!" अशी हाक मारली. काका खिडकीकडे बघत राहिले. "नाही, बाई!"

"वाढ?"

"पोट वाढतंय थोडं."

"मग? सजीव की निर्जीव?"

दोन वेण्यांची एक मुलगी बराच विचार करून उभी राहिली. "बाई, लाकूड कसं आधी सजीव असतं, मग त्याची खुर्ची करतात... तसं असेल."

काकूंना हसू आवरेना. खडू खाली पडला. हसून डोळे पुसता पुसता त्या म्हणाल्या, "एवढं नेमकं मला चाळीस वर्षांच्या संसारात सुचलं नाही गं."

पोरं गेल्यावर त्यांनी उरलेलं सुनावलं. "अहो, तिकडे न हलण्याचा पगार मिळतो. इथे फुकटात कशाला बसता तसे? मी शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी हार-तुरे घेऊन दारात उभी होते. काय म्हणालात आठवतंय?"

"काय म्हणालो?"

"'हं' म्हणालात."

काका विचारात पडले. मग म्हणाले, "हं."

अशा माणसाच्या उजव्या हाताला कंप सुटावा, याला काय म्हणावं! हात मांडीवर शांत ठेवला, की अंगठा आणि तर्जनी आपसात काहीतरी कुजबुजू लागत. काकांनी हात कोटाच्या खिशात घातला; खिसा थरथरू लागला. मांडीखाली दाबला, खांदा थरथरू लागला. एका विद्यार्थिनीने तक्रार केली, "सर, काकांचा हात काढेपर्यंत तिथे राहत नाही." सरांनी चष्मा काढून पाहिलं आणि दुःखाने मान हलवली. टोपलीत किडकं फळ निघावं तशी.

डॉक्टर म्हणाले, "हा कंप हात स्वस्थ ठेवला की येतो. काम करताना थांबतो. गोळ्या देतो, पण खरं औषध म्हणजे हात हलवत राहा. तुम्ही काम काय करता?"

काकांनी सांगितलं. डॉक्टरांनी लिहिता लिहिता वर पाहिलं आणि एक गोळी वाढवली.

महिन्याभरात प्राचार्यांनी बोलावणं पाठवलं. प्राचार्य भल्या मनाचे होते, म्हणजे कुणाला काढायचं असेल तर आधी खुर्ची द्यायचे. खोलीच्या कोपऱ्यात खोक्यातून अर्धवट बाहेर काढलेली एक आकृती उभी होती. फायबरचा पूर्णाकृती माणूस, सांधे वळणारे, चेहऱ्यावर पोट साफ झाल्याचं समाधान.

"बघा काका," प्राचार्य म्हणाले, "याला खाणं नाही, पिणं नाही, आजारपण नाही. श्वास घेत नाही. तुम्हाला कल्पना नाही, तुमच्या श्वासाने मुलांच्या छातीच्या रेषा किती चुकतात ते. शिवाय याला दहा वर्षांची गॅरंटी आहे." मग थांबून, अगदी आपुलकीने त्यांनी विचारलं, "तुमची आहे का?"

काकांपाशी गॅरंटी नव्हती.

"पण आम्ही माणुसकी सोडलेली नाही," प्राचार्य पुढे म्हणाले. "यावर धूळ फार बसते. सत्र संपेपर्यंत रोज पुसायला या. पुढचं पुढे बघू."

पुढचं पुढे म्हणजे काय, हे काकांनाही कळत होतं. सत्र संपलं की चौथरा गेला, हॉल गेला, ते निरखणारे डोळे गेले. मग उरली घरची खुर्ची, आणि तिच्याबद्दलचा निकाल दोन वेण्यांच्या मुलीने आधीच देऊन ठेवला होता. काकांनी फडकं घेतलं.

नव्या पाहुण्याने हॉलमध्ये बस्तान बसवलं. सर सुखावले. पण सवय हा मोठा वाईट प्रकार. पहिल्याच दिवशी सर चौथऱ्यापुढे उभं राहून म्हणाले, "मान जरा डावीकडे," आणि वाट बघत राहिले. पाहुण्याने मान वळवली नाही. "डावीकडे, म्हटलं ना!" सर खेकसले. शेवटी फडकं घेऊन उभ्या असलेल्या काकांनी पुढे होऊन ती मान वळवली. मधली सुट्टी झाली तेव्हा सर फायबरच्या माणसाला म्हणाले, "उठा, पाय मोकळे करा." शिपायाने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. काकांकडे कुणी पाहिलं नाही, तेव्हा तो चहा काकांनी प्यायला. पाहुण्याने हरकत घेतली नाही. त्याचा स्वभाव खरंच चांगला होता.

चित्रं मात्र बिनचूक होऊ लागली. इतकी, की कुणाचं चित्र कोणतं हे मागचं नाव वाचल्याशिवाय कळेना. मुलं जांभया देऊ लागली. सर म्हणाले, "यालाच शिस्त म्हणतात."

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना वरून नवा अभ्यासक्रम आला. स्थिर आकृती पुरे झाली. आता विद्यार्थ्यांनी हलत्या माणसाची झटपट रेखाटनं करावीत. मॉडेलने सतत पवित्रा बदलावा, मुलांनी तो पकडावा. येत्या सोमवारी पाहणी समिती येऊन बघणार, आणि त्यांच्या मतावर कॉलेजची मान्यता ठरणार.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते हार मानणारे नव्हते. त्यांनी फायबरच्या माणसालाच हलवायचं ठरवलं. दंड वर केला, कोपर वळवलं, आणखी थोडं वळवलं, आणि खट्‌ असा आवाज होऊन अख्खा हात सरांच्या हातात आला. सर तो हात धरून उभे राहिले. कुणाशी तरी हस्तांदोलन करायला गेलेले आणि जरा जास्तच प्रेमाने ओढलेले दिसत होते.

"गॅरंटीत बसतं का हे?" मागून कुणीतरी विचारलं.

प्राचार्य धावत आले, हात बघितला, मग फडकं घेतलेल्या काकांकडे बघितलं. "काका! अहो, तुम्ही आहात की. चढा वर."

काका चढले. सवयीने पाय खडूच्या रेघेत गेले.

"हं, आता हला," सर म्हणाले.

काका हलेनात.

"हला हो! काहीही करा. हात उंच करा, वाका, वळा."

काकांना सगळं ऐकू येत होतं. हात उचलावा असं मनातही येत होतं. पण तीसेक वर्षं ज्या चौथऱ्यावर पापणी लवली तरी ओरडा खाल्ला, त्या चौथऱ्यावर अंग ऐकायलाच तयार नव्हतं. ते ढिम्म उभे राहिले. फक्त उजव्या हाताची दोन बोटं तेवढी आपल्या कामाला लागली होती.

"जेव्हा हलू नका म्हणतो तेव्हा हलता," प्राचार्यांचा भलेपणा संपत आला होता, "आणि हला म्हटलं की पुतळा होता! सोमवारी समिती आहे. जमलं तर राहा, नाहीतर सोमवारीच निरोप घ्या. फडक्यासकट."

काका घरी आले ते खुर्चीत बसले नाहीत, म्हणून काकूंनी फळ्यावरून मान वळवली. शिकवणी चालूच होती. दारातच उभं राहून काका म्हणाले, "अगं, मला हलता येत नाही."

काकूंना वाटलं, अर्धांगाचा झटका आला. त्या धावल्या, त्यांचे हात चाचपले, तोंड वाकडं झालंय का ते पाहिलं. काकांनी सगळी हकीकत सांगितली. लग्नानंतर एका दमात ते इतकं कधीच बोलले नव्हते. काकू सतरंजीवर बसल्या आणि पोट धरधरून हसल्या. हसता हसता त्यांचं लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू मध्येच राहिलं.

"खरंच काढतील?"

"हो."

"मग बसा इथे. नाही, बसू नका!" त्या उठून उभ्या राहिल्या, अगदी शाळेतल्यासारख्या. "पोरांनो, पुस्तकं मिटा. आज प्रात्यक्षिक. आजोबांना सजीव करायचं आहे."

पोरांना एवढं आवडतं काम त्याआधी कुणी दिलं नव्हतं. एकाने काकांचा हात धरून चेंडू फेकायला लावला. एकाने मांजरासारखं वाकून दाखवलं. काका वाकले, पण गोठलेल्या दोरीसारखे. ते बघून दोन वेण्यांची मुलगी तोंड फिरवून हसली.

"असं नाही व्हायचं," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याची हालचाल उसनी कशाला? तुमची स्वतःची शिल्लक आहे की. बसल्या बसल्या काय काय दाबलंत इतकी वर्षं?"

"म्हणजे?"

"माशी बसली होती ना नाकावर? तेव्हा काय करावंसं वाटलं होतं?"

काकांचा उजवा हात हळूहळू वर गेला, आणि नाकासमोरची हवा त्यांनी अशी काही झापडली, की पुढच्या रांगेतली दोन पोरं मागे सरकली. हात कापत नव्हता.

"अजून?" काकूंनी विचारलं.

"एकदा पाठीला, मधोमध, हात पोचत नाही तिथे—"

"बोलू नका. करा."

सोमवारी समिती आली. तिघे जण होते. एक चहा घेत होता, एक घड्याळ बघत होता आणि तिसरा, जो खरा जाणकार असल्याचं सगळे सांगत होते, त्याला डुलकी लागली होती. मुलं रेखाटनाचे कोळसे सरसावून बसली. सरांनी डोळे मिटून कुठल्या तरी शक्तीला हाक मारली. काका चौथऱ्यावर चढले. पाय रेघेत ठेवले. क्षणभर हॉलमध्ये पुन्हा तोच ओळखीचा खांब उभा होता.

मग त्यांनी माशी मारली.

नंतर पाठीच्या मधोमध सुटलेली खाज, स्टुलाच्या कोपऱ्यावर घासून. मग बारा-पंधरा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात गिळलेली जांभई, इतकी मोठी की समितीतल्या घड्याळवाल्यालाही जांभई आली. शिंक, मुंग्या आलेला पाय, कॉलरमध्ये शिरलेली मुंगी. मग ते वळले आणि चौथऱ्यावरूनच वाकून मागच्या खिडकीबाहेर बघू लागले. ती खिडकी कायम त्यांच्या पाठीशी असे, आणि मुलं खिडकीबाहेर बघून का हसतात ते त्यांना कधीच कळलेलं नव्हतं. मग नसलेला चष्मा काढून, डोळे बारीक करून, दुःखाने मान हलवली. मुलं खुदखुदली. सरांना ती लकब कुठेतरी बघितल्यासारखी वाटली, पण कुणाची ते आठवेना. मग पोटावर हात बांधून, भल्या मनाने, समोरच्या रिकाम्या हवेला खुर्ची दिली. प्राचार्य खोकले.

कोळसे भराभर चालत होते. कुणाच्या कागदावर तीन हात उमटले होते, कुणाच्या कागदावर नुसतं वाकणं, त्याला डोकं नाही. आधी तक्रार करणाऱ्या विद्यार्थिनीने हाताच्या रेषा एकीवर एक अशा काढल्या होत्या, की कागद हातात घेतला तरी हात हलतोय असं वाटावं. सर ते खोडायला रबर घेऊन निघाले होते, पण नेमका तेव्हा जाणकार जागा झाला आणि म्हणाला, "वा!" सरांनी रबर खिशात टाकलं आणि म्हणाले, "मीच सांगितलं होतं तसं काढायला."

शेवटी काका दमले. दोन्ही हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसले. उजवा हात कापू लागला. त्यांनी तो लपवला नाही. तोही मुलांनी काढला.

समितीचा अभिप्राय उत्तम आला. जाता जाता चहावाल्या सदस्याने कोपऱ्यात एकाच हातानिशी उभ्या असलेल्या फायबरच्या माणसाची पाठ थोपटली आणि म्हणाला, "तुमचे मॉडेल फार शिस्तीचे आहेत." तेव्हा काका शेजारीच उभे राहून घाम पुसत होते.

प्राचार्यांनी काकांना खोलीत बोलावलं आणि या वेळी खुर्ची दिली नाही. काकांच्या जिवात जीव आला. "आता तुम्हीच," प्राचार्य म्हणाले. "पण एक लक्षात ठेवा. हलायचं ते चौथऱ्यावर. आणि माझी नक्कल करायची नाही." सरांनी फळांच्या टोपलीचं वाक्य त्या वर्षीपासून बदललं. ते आता म्हणतात, "मॉडेल म्हणजे जिवंतपणा! मी पहिल्यापासून हेच सांगत आलो." वारा येईल तशी पाठ फिरवण्याची कला काही लोकांना उपजत असते.

हाताचा कंप मात्र गेला नाही. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, वाढेल, पण सावकाश. ठरावीक आयुर्मान हेही सजीवांचंच लक्षण, पोरांच्या पाठात ते सगळ्यात शेवटी येतं आणि पोरं ते नेहमी विसरतात.

त्या सोमवारी संध्याकाळी काका घरी आले तेव्हा पुढच्या खोलीत पाढे चालले होते. काकूंनी भुवई उंचावून विचारलं. काकांनी मान डोलावली, आणि खुर्चीकडे न जाता सरळ स्वयंपाकघरात गेले. आतून भांडी आपटल्याचा, मग काहीतरी फुटल्याचा आवाज आला.

"काय करताय हो?" काकूंनी ओरडून विचारलं.

"चहा!" आतून उत्तर आलं. एका हाकेत.

पोरं पाढे विसरून दाराकडे बघू लागली. दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "बाई, मग आता त्या खुर्चीला काय म्हणायचं?"

"खुर्ची," काकू म्हणाल्या. पुन्हा काहीतरी पडल्याचा आवाज आला. "आणि तुम्ही पाढे म्हणा. मी आत जाऊन बघते. इतकी वर्षं हलत नव्हते तेव्हा निदान कपबशा तरी शाबूत होत्या."